घड्याळजींची बडबडी सून

घड्याळजींच्या घरात शिंकसुद्धा विचारून येते, असं गल्लीत म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मेजावर एखादं मनगटी घड्याळ पोट उघडून पडलेलं, घड्याळजींच्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात केसाहून बारीक स्प्रिंग. अशा वेळी कुणी मोठ्याने हसलं की स्प्रिंग उडालीच. मग अख्खं घर गुडघ्यांवर, फरशी चाचपत. तीन पिढ्या असं रांगून झाल्यावर घराने ठरवूनच टाकलं असावं, की बोलणंच नको. जेवताना मीठ हवं असेल तर मिठाकडे बघायचं, झालं.

या घरात तीन महिन्यांपूर्वी भाजीबाजारातली मुलगी सून म्हणून आली. तिच्या माहेरी सगळे लिलाव पुकारणारे. पहाटे चारला उठायचं, पोत्यांच्या थप्पीवर चढायचं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांद्याचा भाव ऐकू जाईल असं ओरडायचं. सासरीही तिला जाग चारलाच यायची. मग गात गात झाडणं, गात गात पाणी भरणं. सासूबाई उठेपर्यंत तिने चार घरांची खुशाली विचारून, दोन घरांत आपली भाजी वाटून, तिसऱ्या घरच्या भांडणाचा निकाल लावलेला असायचा. आणि हे सगळं ती घरी येऊन सांगायची. मिठाकडे बघून नव्हे, तोंडाने.

सासरचे लोक वाईट नव्हते हो. उलट त्यांना तिची काळजी वाटायला लागली, हीच तर पंचाईत. घड्याळजींनी घड्याळाचं करायचे तेच केलं: आठ दिवस लक्ष ठेवून वहीत नोंद. 'झोप: पाच तास दहा मिनिटं. सलग बोलणं: सेहेचाळीस मिनिटं. मध्ये श्वास घेतल्याचं आढळलं नाही. गाणी: अकरा. वाटलेल्या वस्तू: दुधी, छत्री, माझी टोपी.' खाली निदान: 'पुढे पळते आहे.'

नवऱ्याने वही वाचली. "मला तर आवडतं," तो म्हणाला. पण घरच्या रीतीप्रमाणे, मनातल्या मनात.

वही घेऊन सुनेला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई नव्या होत्या, हुशार होत्या, आणि वही फारच नेटकी होती.

"झोप कमी लागते?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पुरते की!"

"मनात विचार भराभर येतात?"

"येतात आणि तोंडावाटे जातात. साठवून काय करायचेत? बाई, तुमच्या टेबलाचा पाय हलतोय. कागदाची घडी देऊ?" देऊन झालीसुद्धा.

झोप कमी, बोलणं फार, उत्साह ऊतू चाललेला, वस्तू वाटून टाकते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'उन्माद' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "गोळ्या द्याव्या लागतील बहुतेक. त्याने शांत होईल ती. पण त्याआधी हिला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी मला भेटवा. सोमवारी."

मध्ये चार दिवस होते. दवाखान्यातून परतताना सून पहिल्यांदाच गप्प. आपण आनंदात आहोत असं वाटत होतं, आणि तोच आजार निघाला तर? हसू आलं की ती दचकायची: हे माझं हसू, की त्या आजाराचं? गोळीने नेमकं काय जाईल आणि काय उरेल? चारला जाग आली तरी ती छताकडे बघत पडून राहू लागली. मीठ हवं असलं की मिठाकडे बघू लागली. घड्याळजींनी वहीत लिहिलं, 'गाणी: शून्य.' पण पुढे 'सुधारणा' लिहायला हात काही धजेना. त्या चार दिवसांत त्यांची स्प्रिंग तीनदा उडाली, तीही कुणी न हसता.

सोमवारी माहेर आलं. आई, मामा आणि आत्या, भाजीच्या टेम्पोतून. ते आल्याची वर्दी डॉक्टरीणबाईंना कुणी द्यावी लागली नाही. नावं पुकारणाऱ्या कंपाउंडरला मामाने "पोटातून आवाज काढ रे!" असं शिकवून पुढची दोन नावं स्वतःच पुकारून दाखवली. दोन्ही पेशंट पळत आले.

आईने आत येताच लेकीचा चेहरा पाहिला. "अगं मुके, काय ही दशा!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "काय म्हणालात हिला?"

"मुकी. घरात तेच म्हणतो. पहिल्यापासून बोलतच नाही हो ही."

"किती समजावलं," आत्या म्हणाली.

"पाचव्या वर्षी डॉक्टरला दाखवली होती," मामा म्हणाला. "पोरगी समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची! म्हटलं, काहीतरी बिघाड आहे. लिलावाला उभी केली तर दोन तासांत आवाज बसायचा."

"म्हणून तर शांत घर बघून दिली," आई म्हणाली. "म्हटलं, पोरीला मानवेल."

घड्याळजींनी वही हळूच मिटली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू दाबून दाबून पाणी आलं होतं.

"पण आज अशी का बसलीय ही?" आई म्हणाली. "हे आधी नव्हतं."

"हे चार दिवसांतलं आहे, आणि त्यात माझाही हात आहे." डॉक्टरीणबाईंनी तो शब्द प्रश्नचिन्हासकट खोडला. "माणूस स्वतःच्या नेहमीपेक्षा बदललं तर मी काळजी करते. ही आहे तशीच होती. गोळी नाही."

आई पुढे वाकली आणि आवाज उतरवून म्हणाली, म्हणजे फक्त बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं, "बाई, आलोच आहोत तर व्याह्यांना तपासून घ्या. हूं नाही की चूं नाही. जावईही तसेच. काही गोळी असेल तर बघा."

"मला आवडतं," जावई एकदम म्हणाले. कान लाल झालेले. "हिचं बोलणं. आवडतं मला."

"बघा, गोळीशिवायच बोलले!" मामा ओरडला, आणि सून चार दिवसांनी खदखदून हसली.

तरी दुसऱ्या दिवशी चारला उठल्यावर तिला गाणं सुरू करवेना. झाडू घेऊन ती नुसती उभी. पुढच्या खोलीत दिवा दिसला. एरवी आठाच्या आधी मेजाला हात न लावणारे घड्याळजी भिंग लावून बसले होते.

"आज गाणं नाही?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"स्प्रिंग उडेल ना, बाबा."

"उडू दे. शोधू."

त्या घराच्या मानाने हे भाषणच झालं. सुनेने पोटातून आवाज काढला. पलीकडच्या चौथ्या घराची खिडकी उघडली आणि शेजारीण ओरडली, "अगं, बरी झालीस का? चार दिवस आजारी होतीस ना?"

"सांगते ना!" म्हणत सून झाडूसकट बाहेर पडली.