न पोहोचलेला व्हॉइस मेसेज

फौजेत सोळा वर्षं झाली, सगळी सिग्नल्समध्ये. मेसेज कुठून निघाला, कुठं अडकला, का अडकला हे शोधून काढणं हाच माझा धंदा. त्यामुळे कुणी अमानवीय वगैरे सांगायला लागलं की मी चहाचा कप घेऊन सरळ उठून जायचो. बायको साताऱ्याची, तिच्या माहेरी असल्या गोष्टी फार... तिलाही चिडवायचो. आता मीच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

आमचं गाव तासगावपासून जवळच. थोडी द्राक्षबाग आणि स्वतःची छोटी बेदाण्याची शेड. तिथं आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंच राहतात. मुलीच्या शाळेसाठी अश्विनीनं, माझ्या बायकोनं, सांगलीत विश्रामबागला घर घेतलेलं. आणि मी त्या वर्षी शांतिसेनेतून दक्षिण सुदानला.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. तिकडं दुपारचे बारा वाजले की घरी साडेतीन. आईला मोबाईल नीट धरता यायचा नाही, त्यामुळे अर्धा वेळ मला घराचं छत दिसायचं. तरी बरं वाटायचं. छत आपलंच होतं ना!

एका रविवारी असंच बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला एका तात्पुरत्या बेसवर हलवलं. सपाट रान, दोन झाडं, धूळ. मोबाईलला नेटवर्क शून्य. आमचा रेडिओ सेट होता, पण तो ड्युटीसाठी. मग मी एक सवय लावून घेतली. रोज जेवणाआधी आईला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायचा. जायचा नाहीच. शेजारी ते बारीक घड्याळ दिसत राहायचं. पण बोलल्याचं समाधान.

बुधवारी दुपारी झाडाखाली चहा पीत बसलो होतो. एकदम रविवारचा कॉल डोळ्यांसमोर आला. आईच्या मागं अण्णा चहा पीत होते... आणि कप डाव्या हातात होता. अण्णा पक्के उजवे. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. त्या वेळी बघूनही लक्षात आलं नव्हतं. 

मोबाईल काढला आणि बोललो. तो मेसेज आजही आहे, म्हणून शब्द तेच लिहितो — “आई, अण्णांच्या उजव्या हाताला काय झालंय? त्यांना आजच्या आज सांगलीला ने. उद्या नको. ते ऐकणार नाहीत, पण तू ऐकू नकोस त्यांचं. थांब, चहात मुंगी पडली... हां, काढली. आजच ने, आई.”

घड्याळ. गेला नाही.

साहेबांकडे जावं का? पण काय सांगणार? ‘वडिलांनी कप डाव्या हातात धरला’? तरी संध्याकाळी गेलो. साहेब चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, पुढची गाडी मेन कॅम्पला जाईल तेव्हा निरोप पाठवू. ती गाडी रस्त्यातच अडकली. पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

मंगळवारी मेन कॅम्पला परत आलो. मोबाईलला दोन काड्या दिसल्या तसा आईचा नंबर लावला. उचलला अश्विनीनं.

“अण्णा कसे आहेत?” मी आधी तेच विचारलं.

“छान आहेत. कालच घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी होती, वेळेत आणलंत म्हणून निभावलं.”

“पण तुम्हाला कळलं कसं?”

ती म्हणाली, “म्हणजे काय? बुधवारी तुम्हीच आईंना फोन केलात ना!”

तेवढ्यात आईचा आवाज आला. “दे हिकडं. आरं, असला कसला रं फोन तुजा? मी म्हनतीय, ऐक तर बाळा, तर तू आपलाच बोलतोयस. माजं काय ऐकूनच घेत न्हाईस! आन् चहात मुंगी पडली म्हनलास, ती तरी नीट काढलीस न्हवं?”

मी तसाच मोबाईलवर बुधवारचा मेसेज बघितला. शेजारी घड्याळ तसंच.

त्याच वेळी तिकडं आईच्या मोबाईलवर टिंग टिंग व्हायला लागलं. माझे अडकलेले सगळे मेसेज एकदम पोहोचत होते. अश्विनीनं बुधवारचा लावला. माझाच आवाज मला दक्षिण सुदानमध्ये परत ऐकू आला.

“ह्येच की!” आई म्हणाली. “ह्येच तर बोल्लास. आता परत कशाला लावलंय?”

रजेवर आल्यावर मी माझ्या पद्धतीनं तपास केला. आईच्या मोबाईलवर बुधवारी दुपारी एकही कॉल नाही. मेसेज पोहोचल्याची वेळ मंगळवारची. शेडमध्ये आईबरोबर पुष्पाक्का काम करत होत्या, त्यांना विचारलं.

“आवं, बेदाना निवडायचं मशीन चालू हुतं, घंटी काय मला ऐकू आली न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर ताई कानाला फोन लावून बोलत हुत्या. मग हातातली जाळी टाकली आन् पळाल्याच की घराकडं.”

आईच्या मनानंच घेतलं असेल, हाताचं तिलाही दिसलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. पण मुंगी? पाच हजार किलोमीटरवरच्या माझ्या कपातली मुंगी तिला कुणी सांगितली? अश्विनीला ती मंगळवारच्या आधीच माहीत होती. दवाखान्यात बसल्या बसल्या आईनंच तिला सांगितली होती.

सिग्नल्समधला माणूस, म्हणून तो मेसेज कसा पोहोचला हे मी अजून शोधतोच आहे. आईला मात्र उत्तर नकोच आहे. “पोरानं फोन केला, मी उचलला,” एवढंच म्हणते, आणि कामाला लागते.

अण्णांचा हात आता बराच सुधारलाय. परवा बागेत वेल बांधत होते. मी सहज विचारलं, “अण्णा, तुम्हाला काय वाटतं ह्या सगळ्याचं?”

ते वर न बघता म्हणाले, “मला काय इचारतोस रं? तुमचं मायलेकरांचं बोलनं. त्यात मी कवा पडलोय?”

आणि सुतळीची गाठ उजव्या हातानं घट्ट ओढली.