फ्रीजमधली बाटली आणि बायनाबाई

बायनाबाई कुणी काही खायला दिलं तरी आधी हुंगायची. ऊसतोडीला तिने बारा हंगाम काढले. त्यातल्या एका साली टँकरच्या पाण्याने अख्ख्या टोळीला जुलाब लागले आणि तिची धाकटी जाऊ पाचटाच्या कोपीतच गेली. ते पाणी दिसायला काचेसारखं होतं. तेव्हापासून नुसत्या स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीवर तिचा भरवसा राहिला नाही.

गुडघे धरले तसा तिने कोयता टाकला आणि कडा गावाजवळ सुंदररावांच्या पनीरच्या कारखान्यात धुण्याघासण्याच्या कामाला लागली. पनीर कापायची स्टीलची दोन टेबलं होती. एक मंजुळाबाई धुवायची, एक बायनाबाई. दोघी एका गल्लीतल्या, डबाही एकत्रच खायच्या.

मग तपासणीत दोन्ही टेबलांवर लिस्टेरिया नावाचा जंतू सापडला. थंडीतसुद्धा वाढणारा, आणि पोटुश्या बाईच्या जिवावर उठणारा. सुंदररावांनी माल थांबवला आणि परळीला शिकलेली एक पोरगी कामाला ठेवली, वैष्णवी. तिने आल्याआल्या फ्रीजमध्ये एक बाटली ठेवली आणि फ्रीजला कुलूप लावलं.

"मावशी, रोज आधी साबणाच्या पाण्यानं घासायचं, मग क्लोरीनचं पाणी, मग साध्या पाण्यानं क्लोरीन पार काढून टाकायचं. टेबल निथळलं की हे फवारायचं. त्यानंतर टेबलाला हात लावायचा नाही."

"हे हाय काय?"

"फाज म्हणतात. एक प्रकारचे विषाणूच. पण माणसाला काही करत नाहीत. फक्त त्या जंतूत शिरतात आणि त्याला फोडतात."

बायनाबाई दोन पावलं मागं सरकली. "करोनात तोंडाला फडकी बांधून फिरलो आमी. आन आता खायच्या वस्तूजवळ इषाणू शिंपडायचा?"

वैष्णवीने बरंच समजावलं. बायनाबाईने मान हलवली, पण मनात गाठ बसली. औषधाला वास नाही, फेस नाही, हाताला झोंबत नाही. नुसतं पाणी असेल तर पोरगी सगळ्यांना फसवतेय. पाणी नसेल तर मग हे विष. आणि चांगली वस्तू कुलपात कशाला ठेवायची? रोज फवारणी झाली आणि वैष्णवीची पाठ वळली की ती हळूच क्लोरीनच्या पाण्यात फडकं बुडवायची आणि आपलं टेबल पुन्हा पुसून घ्यायची. क्लोरीनचा वास नाकात गेला की तिला बरं वाटायचं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मंजुळाबाईचं टेबल साफ, बायनाबाईच्या टेबलाच्या सांध्यांत जंतू तसाच. सुंदरराव वैष्णवीवर घसरले, "तू कागदावर लिहितेस एक आन करतेस एक." बायनाबाईला मात्र वेगळाच वास आला. तिने चारचौघींत मंजुळाबाईला धरलं.

"माझ्या टेबलावर तूच कायतरी केलंस. माझं काम तुला बघवत न्हाई."

मंजुळाबाईने हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि ती बाहेर गेली.

त्याच संध्याकाळी, फवारणीनंतर, वैष्णवीने बायनाबाईच्या टेबलाला कागदाची एक बारीक पट्टी लावली. पट्टी जांभळी झाली.

"मावशी, हे क्लोरीन आहे. फवारल्यावर कुणी पुसलं?"

मंजुळाबाईचं नाव जिभेवर आलं होतं. पण सकाळचा तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि बायनाबाईने ते गिळलं. ती म्हणाली, "मीच. रोज."

वैष्णवी खाली बसली. "क्लोरीननं फाज मरतात हो. वरवरचे जंतू तुमच्या फडक्यानं मेले, पण सांध्यात लपलेल्यांपर्यंत पोचायच्या आधीच तुम्ही आपली माणसं मारलीत."

"मरत्यात? मंजे जित्ते हायत ते?" बायनाबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, हे नुसतं पाणी नसावं. पण विश्वास? तो नाहीच. वैष्णवीने मोबाईलवर प्रयोगशाळेतला फोटो दाखवला तर म्हणाली, "फोटोत कायबी दावता येतं. मागच्या खोलीत जुनं टेबल पडलंय, त्याच्यावर जंतू हाय म्हणतेस ना? दोन्ही बाजू मी धुते. अर्ध्यावर फवार, अर्ध्यावर नको. नमुने माझ्यासमोर घ्यायचे."

वैष्णवीने मागच्या खोलीची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

आठवडाभर त्या खोलीची किल्ली बायनाबाईच्या कनवटीला होती. नमुन्यांच्या डब्यावर तिने स्वतः चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर अंगठा उमटवला. अहवाल आला तेव्हा न फवारलेली बाजू घाण होती आणि फवारलेली साफ. फक्त एक जागा सोडून, पायाजवळच्या जोडावरची. तिथं बायनाबाईने नख घातलं. जुन्या दुधाचा पिवळट, बुळबुळीत थर निघाला.

"तुझं औषध हितं हरलं बघ."

"थराखाली ते पोचतच नाही, मावशी. थर घासणीनंच काढावा लागतो."

"मंजे माझ्या हाताबिगर तुझ्या बाटलीचं चालत न्हाई."

"नाहीच चालत," वैष्णवी म्हणाली.

सुंदररावांनी जोड नीट करून घेतले. घासणी, क्लोरीन, साधं पाणी, मग फाज, हा क्रम पक्का झाला. पुढचे दोन अहवाल साफ आले आणि माल सुरू झाला. तरी फवारणी झाली की बायनाबाई वैष्णवीकडून पट्टी मागून घ्यायची आणि मंजुळाबाईचंही टेबल तपासायची. मंजुळाबाई तेवढा वेळ बाजूला उभी राहायची, भिंतीकडे बघत.

एका रविवारी बायनाबाई तिच्या घरी गेली. "चुकलं माझं. लई वंगाळ बोलले मी," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

मंजुळाबाईने चहा टाकला. रिकामे कप उचलताना मंजुळाबाई म्हणाली, "जंतूचं समदं तपासलंस. माझं तपासायला एक दिस थांबली असतीस तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारीही मंजुळाबाई डबा घेऊन दाराशी दुसऱ्या बायकांत बसली. बायनाबाई आपल्या जागी एकटीच जेवली.