सोयऱ्याचा कॅमेरा

जुना कॅमेरा विकत घेताना विकणाऱ्याला त्याचं गाव विचारू नये.

हा नियम कुठेही छापलेला नाही. मी महिनाभर वाचत होतो. सेन्सर केवढा असावा, बॅटरी किती जुनी चालते, लेन्समध्ये बुरशी कशी ओळखावी, सगळं वाचलं. गावाबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर गाव मी विचारलंच नाही. ते माझ्या बायकोनं विचारलं. त्या गोष्टीचा राग मला आजही तेवढाच आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कॅमेरा हवा होता तो चार बायकांसाठी. (गैरसमज नको. त्यांतली एक माझी आई आणि बाकीच्या तिघी मावश्या.) या चार सख्ख्या बहिणींचा एकत्र असा एकही फोटो जगात नव्हता. घरात लग्नं काही कमी झाली नाहीत. पण प्रत्येक लग्नात चौघींपैकी एक रुसलेली असायची, आणि रुसण्याची पाळी कुणी लावून दिल्यासारखी फिरायची. रुसलेली फोटोला यायची नाही आणि तिला आणायला गेलेली तिथेच तिच्याशी भांडत बसायची. आता थोरली मावशी ऐंशीच्या पुढे गेली. तिचे गुडघे नांदगाव खंडेश्वरच्या बाहेर जायला तयार नाहीत. दिवाळीनंतर तिनंच फोन केला.

"शेतात रोडगे करू. चौघी बी येऊ. एकदा आमचा फोटो काढ रे बापू, मंग तू बी मोकया अन् मी बी मोकयी."

असं ऐकल्यावर माणसाला झोप येत नाही. मला तरी आली नाही.

"फोन आहे ना तुमच्याजवळ," बायको म्हणाली.

"फोन सुरकुत्या पुसून टाकतो."

"मग? चांगलंच आहे."

काय चांगलं? मागे एकदा फोननं आईला इतकं गुळगुळीत केलं की ती माझी धाकटी बहीण दिसत होती आणि शेजारी बसलेला मी तिचा काका. मोठा कॅमेरा भाड्यानं आणावा तर मावश्या आधारकार्डाचा फोटो असल्यासारख्या ताठ होतात. नवा छोटा कॅमेरा घ्यावा तर किंमत पाहून मी ताठ होतो. म्हणून सगळा विचार करून ठरवलं, मिररलेस जातीचा घ्यायचा: जाकिटाच्या खिशात मावणारा, सेन्सर मात्र फोनच्या कितीतरी पट मोठा असलेला, आणि अर्थात जुना.

तसा एक अकोल्यात सापडला. रोडग्यांचं जेवण रविवारी होतं, म्हणून शनिवारी सकाळी अमरावतीहून निघालो. बायको सोबत आली. (का आली, हे मी तिला अजून विचारतो.) माझ्या पिशवीत टॉर्च होता, स्वतःचं मेमरी कार्ड होतं आणि एक कोरा पांढरा कागद होता. कागद सगळ्यांत महत्त्वाचा. सेन्सरवर कचरा बसलेला असला तर घरातल्या उजेडात तो दिसत नाही. बाहेर लख्ख उन्हात, लेन्सचं छिद्र बारीक करून पांढऱ्या कागदाचा फोटो काढला की तो काळ्या डागासारखा उमटतो. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. काळा डाग कुठे दडून बसतो ते मला बरोबर कळतं.

विकणारे प्रकाशराव पन्नाशीचे, हसतमुख गृहस्थ. त्यांनी टेबलावर कॅमेरा ठेवला. मी लेन्स काढून हातात घेतली आणि टॉर्च पेटवला. तेवढ्यात आतून पाणी आलं आणि पेला उचलता उचलता बायको म्हणाली, "गाव कोणतं तुमचं?"

"मूळचे अकोटकडले आमी, ताई."

"अकोटकडे माझी मामेबहीण दिली आहे. सुलभा."

प्रकाशराव उठून उभेच राहिले. "सुलभा? थे तर आमची सख्खी वयनी होय."

संपलं. एका क्षणात मी गिऱ्हाईक होतो तो जावई झालो. आतून प्रकाशरावांच्या घरच्या बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेऊन त्यांची आई आली, फॅन वाढवला गेला, आणि मी मात्र लेन्समध्ये टॉर्च मारून एक डोळा मिटून उभा.

"बंद करा तो टॉर्च," बायको ओठ न हलवता म्हणाली.

"बुरशी पाहतो आहे."

"सोयऱ्याच्या घरी बुरशी पाहतात काय?"

मी लेन्स परत बसवली, पांढरा कागद घेतला आणि कुणाला न दिसता अंगणाकडे निघालो, तर प्रकाशरावांनी दारातच दंड धरला. "अवो भाऊजी, उनात कुठी चालले? पानं वाढून राहिले आत."

वांग्याची भाजी होती, शिरा होता, भजी होती. आग्रह असा की नाही म्हणायला तोंड रिकामं नव्हतं. आणि एकदा पोटभर जेवलेल्या माणसाला यजमानाच्या वस्तूत खोट काढता येत नाही. हात धुताना मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "तर मग किमतीचं काय?"

"किंमत?" प्रकाशरावांचा चेहरा उतरला. "तुमाले किंमत सांगू काय मी आता? द्या तुमाले वाटन ते."

मराठीत याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही. जाहिरातीतल्या किमतीवरून मी खाली आलो असतो. त्याची तयारी करून गेलो होतो. आता खाली यायला जिनाच उरला नाही, म्हणून निमूट वर चढलो. त्यावर त्यांनी मला टिळा लावला, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला आणि नारळावर कॅमेरा. कॅमेरा पाहायला गेलेला माणूस साखरपुडा झाल्यासारखा बाहेर पडला.

गाडीत बसल्या बसल्या मी तोंड उघडलं. "तुला गाव विचारायची काय गरज होती?"

"मग काय, पाणी पिऊन मुक्यासारखी बसू? माणसाच्या घरी गेलो होतो आपण, दुकानात नाही."

"मला दुकानच पाहिजे होतं!"

"ओरडू नका. उद्या ते रोडग्यांना येणार आहेत. मी सांगितलं त्यांना."

घरी पोचून कॅमेरा चालू केला तर बॅटरी मेलेली. रात्रभर चार्जिंगला लावली. कागद पिशवीतच राहिला.

रविवारी सकाळी मावशीच्या शेतात बांधावरच्या कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. पलीकडे गोवऱ्या धुमसत होत्या आणि त्यांच्या आरात कणकेचे गोळे, म्हणजे आमचे रोडगे, भाजायला घातले होते. आरापाशी कोण? प्रकाशराव. शर्टाच्या बाह्या वर. "रोडग्यांत माझा हात कोनी धरत नाई," असं त्यांनी आल्या आल्याच जाहीर करून टाकलं होतं. मला पाहताच ओरडले, "कसा हाय कॅमेरा, भाऊजी?"

"झकास," मी म्हणालो. (पाहुणा होता. काय म्हणणार?)

चौघी सतरंजीवर बसल्या होत्या आणि एकही रुसलेली नव्हती. मूर्तिजापूरची मधली मावशी दर्यापूरच्या धाकटीच्या केसात फूल माळत होती. असला योग पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं. मी हात स्थिर केला आणि बटण दाबलं.

फोटोत थोरल्या मावशीच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्याएवढा काळा डाग.

पुन्हा काढला. पुन्हा तिथेच. कॅमेरा वर उचलला तर डाग कडुनिंबाच्या पानांत गेला, पण चौघी तळाला जाऊन बाहुल्यांएवढ्या झाल्या. मी डोक्यात गणित केलं. डाग चौकटीच्या मधोमध आहे. मधे हातभर जागा सोडली तर तो मागच्या काळ्या खोडावर पडेल आणि कुणाला दिसणार नाही.

"मावशी, तुम्ही दोघी थोड्या इकडे सरका. आई, तू आणि धाकटी तिकडे. मधे जागा सोडा."

थोरलीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "कावून?"

"फोटोसाठी."

"चौघी एका सतरंजीवर बसाले आमचा जलम गेला, अन् तू मधे जागा सोडाले सांगून राहिला? फूट पाडतं काय आमच्यात?"

"अन् मी कावून काठावर बसू?" धाकटी म्हणाली. "नेहमी मीच काठावर."

धाकटीचा आवाज मी ओळखतो. पाळी तिची होती. मी घाबरलो, आणि मी घाबरलो की चिडतो. "प्रकाशराव, इकडे या! पाहा हे!"

ते रोडगे सोडून आले. त्यांनी पाहिलं. "डाग हाय काय? मले तर कधीच दिसला नाई. आमी घरातच काढो फोटो." मग हसले. "फुंकून जाते हे."

"नाही! फुंकायचं नसतं!"

पण तोवर त्यांनी लेन्स पिरगाळून काढली होती. गोवऱ्यांची राख वाऱ्यावर उडत होती आणि हा माणूस उघडा कॅमेरा तोंडासमोर धरून, चूल पेटवावी तसा गाल फुगवून त्यात फुंकत होता. पुढच्या फोटोत थोरलीच्या नाकावरचा डाग होताच. शिवाय आईच्या कपाळावर दोन नवे, आणि बाकीच्या दोघींना देवी येऊन गेल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा माझा तोल गेला. "तुम्ही मला सांगायचं नाही?"

"मी काय सांगू भाऊजी? घेनारा पाहून घेते."

"पाहू दिलं कुठे? पान वाढलं तुम्ही!"

"म्हंजे जेवू घातलं हे चुकलं आमचं?"

"हो, चुकलं!"

आणि तेवढ्यात वास आला.

"अवो माय," धाकटी म्हणाली, "रोडगे जयले."

साऱ्या रोडग्यांचा कोळसा झाला होता. ते पाहून चौघी उठल्या. जिच्या गुडघ्यांसाठी सगळं गोत शेतात गोळा केलं होतं ती थोरली सगळ्यांत आधी उठली. मला वाटलं, आता प्रकाशरावांचं काही खरं नाही. पण चौघी माझ्याकडे आल्या.

"पाहुन्याले आरापासून उठवलं कावून तू?"

"जेवाच्या वक्ताले पाहुन्याचा अपमान करतं?"

"साऱ्याईले उपाशी मारलं!"

"अन् मले काठावर बसवत होता!"

जन्मात पहिल्यांदाच चौघी बहिणींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं. त्याच क्षणी माझ्या मागून बायकोनं फोन काढून फोटो घेतला.

मी खोटं बोलणार नाही. फोटो उत्तम आला आहे. चौघी खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत, चारही बोटं समोर रोखलेली, मागे धूर, आणि चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती जागच्या जागी. एवढ्या रागापुढे फोनचीही काही पुसायची हिंमत झाली नाही. त्याच्या मोठ्या प्रती काढून चौघींच्या घरी फ्रेम करून लावल्या आहेत. फोटोत खाली, अगदी पुढ्यात, एका माणसाची पाठ आली आहे. मान खाली, मानेवर कॅमेऱ्याचा पट्टा.

परवा आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी आईला विचारलं, "चौघी किती छान दिसता हो. पण हा पाठमोरा कोण?"

मी तिथेच बसलो होतो. आईनं फोटोकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कोन जाने," ती म्हणाली. "फोटोवाला बलावला होता एक. त्याले काई जमलं नाई."