कुर्डुवाडीला न थांबलेली गाडी

माझा मेहुणा दिघीत राहतो आणि भोसरीच्या एका कंपनीत मशीनवर काम करतो. त्याच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं जावळ तिच्या सासरी, बार्शीजवळच्या गावात ठरलं होतं. जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. या मुलाला मामा एकच. बाकी कोण आलं, कोण राहिलं, याला फारसा अर्थ नव्हता. मेहुणा पोहोचायला हवा होता.

दिवस गुरुवारचा धरला होता. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि घरातली कार्यं ती बघूनच ठरतात. माझा साडू, म्हणजे मुलाचा बाप, चाकणला मशीनवरच कामाला. त्याला शुक्रवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं होतं. त्यामुळे जावळ गुरुवारीच व्हायला हवं होतं, नाहीतर पुन्हा सगळ्यांच्या सुट्ट्या जुळेपर्यंत लांबलं असतं.

माझी बायको आधीच गावी गेली होती. मेहुण्याची बुधवारी सेकंड शिफ्ट असल्याने आम्हा दोघांना गुरुवारी सकाळीच निघणं भाग होतं. बार्शीला थेट जाणाऱ्या गाडीत जागा मिळाली नाही. मेहुण्याने मोबाइलवर दोन तिकिटं काढली. एक पुणे ते कुर्डुवाडी, दुसरं कुर्डुवाडी ते बार्शी. दोन गाड्यांमध्ये चहा पिऊन होईल एवढाच वेळ होता.

मी वर्तमानपत्रात काम करतो. बातमी वेळेत आली नाही तर आमचं पान तिच्याशिवाय छपाईला सुटतं. त्या सवयीने मी म्हटलं, की वेळ कमी आहे.

"दाजी, तुम्ही उगं टेन्शन घेता," तो म्हणाला. "पहिली आल्याशिवाय दुसरी हलत नसती."

"कोण म्हणालं?"

"म्हणायचं काय त्यात? पुढची गाडी हाय ना ती."

हा विश्वास कंपनीतून आला होता. तिथे शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत चालू मशीन सोडायचं नसतं. त्या पुढच्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. आदल्या रात्री मेहुण्याचा रिलीव्हर उशिरा आला होता आणि हा तक्रार न करता थांबला होता. गाड्यांचंही असंच असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

दापोडीहून लोकलने आम्ही पुण्याला गेलो. पुढची गाडी वेळेवर निघाली आणि दौंडच्या पुढे एका माळावर उभी राहिली. का, ते डब्यात कुणालाच कळलं नाही. बायकोचा फोन आला.

"कुठपर्यंत आलात?"

"माळावर."

"कुठल्या?"

"पाटी दिसत नाही."

"दादाला द्या फोन." तिचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू येत होता. "दादा, कात्री तयार आहे, पोरगं तयार आहे, जेवणं उरकत आली. केस कापणाऱ्या काकांना दुपारी दुसऱ्या गावाला जायचंय. तेवढा मामा माळावर बसलाय!"

"येतो गं. तिकडची गाडी थांबलेलीच असंल."

कुर्डुवाडीला आम्ही उतरलो तेव्हा बार्शीची गाडी फलाटावर नव्हती. मेहुण्याने दोन्ही टोकांकडे नीट बघून घेतलं. मग चहाच्या स्टॉलवाल्याला विचारलं.

"ती? कवाच गेली."

"आमची आल्याबिगर?"

"पाव्हणं," स्टॉलवाला कप विसळत म्हणाला, "ती काय तुमच्याशी सोयरीक करायला आली हुती व्हय?"

मेहुण्याने मोबाइल काढून फलाटावरच्या तिकीट तपासनिसाला दोन्ही तिकिटं दाखवली. ते शांतपणे म्हणाले, की दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे प्रवास. पहिल्याला उशीर झाला, हे दुसऱ्याला माहीत नसतं. मेहुण्याला त्यातलं नुकसान समजलं, पण पद्धत पटली नाही. "म्हणजे मशीन तसंच सोडून गेला की हो," एवढंच तो बोलला.

आम्ही स्टँडवर जाऊन बार्शीची एसटी पकडली. बाळासाठी आणलेली टोपी मेहुण्याने पिशवीतून काढली, घडी बदलली आणि परत ठेवली. बार्शीहून वडापच्या, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या जीपने गावात शिरलो तेव्हा दुपार कलली होती. मांडवातल्या बऱ्याच खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. मेहुणा जीपमधून उतरला, पण दारापर्यंत जायला त्याने वेळ लावला.

ओट्यावर केस कापणारे काका उशाला टॉवेल घेऊन झोपले होते. आतून बाळ रांगत उंबऱ्यापर्यंत आलं. जावळ जागेवर होतं.

"काका गेले न्हाईत?" मेहुण्याने विचारलं.

"दोनदा उठले होते," साडू म्हणाला. "त्यांची पेटी कपाटात ठेवली, वर श्रीखंड वाढलं. माणूस झोपला."

"आन् कुणाच्याबी मांडीवर उरकलं असतं तर?"

"उरकलं असतं की. आजोबा तयारच होते," साडू म्हणाला. "पण रिलीव्हर आल्याशिवाय सोडतोय व्हय मी?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं.

काकांना उठवलं. झोप झाल्याने हात हलका झालाय, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मेहुणा मांडी घालून बसला, बाळाला त्याच्या मांडीवर दिलं आणि पहिली बट कापली गेली तसं बाळाने भोकाड पसरलं. बायका हसत होत्या. मेहुणा दोन्ही हातांनी बाळ धरून, मान ताठ ठेवून, मशीनसमोर बसावं तसा बसला होता. सगळं झाल्यावर टोपी घातली. ती मोठी झाली, डोळ्यांवर आली.

या सगळ्यात साडूची परतीची गाडी निघून गेली होती. पुढची त्याला पहिल्या शिफ्टच्या वेळेला पोहोचवणारी नव्हती. त्याने ओट्याच्या कडेला उभं राहून चाकणला, त्याच्या मशीनवरच्या रात्रपाळीवाल्याला फोन लावला.

"भावा, उद्या मला जरा उशीर होईल. मशीन सोडू नको."

पलीकडचा काहीतरी बोलला. साडू हसला आणि घराकडे वळून ओरडला, "अगं, त्याच्यासाठी पेढे बाजूला काढ. जास्त काढ, थांबणार आहे तो!"