माझ्या सुवाच्य अक्षरातलं 'नको'

बायकोच्या बाळंतपणाचा फॉर्म मी भरला. निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत. (कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं हेडक्लार्क आहे, कोरा फॉर्म दिसला की माझा हात शिवशिवतो.)

फॉर्म दिला होता शलाकाताईंनी. त्या डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत राहून धीर देणाऱ्या बाई. औषधपाणी डॉक्टरांचं, सोबत यांची. धायरीच्या आमच्या फ्लॅटवर येऊन त्यांनी मुक्ताला कळा सुसह्य करायचे सगळे मार्ग समजावले. श्वास, चालणं, कंबर चोळणं, गरम पाण्याची पिशवी आणि पाठीतून द्यायचं भुलीचं इंजेक्शन. त्याने आराम पडतो, पण कधी रक्तदाब उतरतो, पाय जड होतात, हेही सांगितलं.

"तुमचं मत काय?" मुक्ताने विचारलं.

"माझं मत कशाला? कळा तुम्हाला येणार. माहिती मी देते, तपासून डॉक्टर सांगतील, ठरवायचं तुम्ही. आणि आज ठरवलेलं त्या दिवशी बदललं तरी चालतं."

इतका वेळ इंजेक्शनचा रकाना रिकामा बघून मला राहवेना. मी तिन्ही प्रतींवर 'नको' लिहून टाकलं.

"आमच्याकडे कुणी घेतलेलं नाही," मी म्हणालो. "माझ्या वेळी आईने कुठे घेतलं? हो ना गं?"

"मला कुणी विचारलं होतं?" मटार सोलता सोलता आई म्हणाली.

शलाकाताईंनी शांतपणे बर्फ मागवला. सोबत येणाऱ्या नवऱ्यांसाठी हा त्यांचा नेहमीचा सराव. त्या थांबा म्हणेपर्यंत बर्फ मुठीत धरायचा.

"अजून किती?" मी दहाव्या सेकंदाला विचारलं.

"ते कळांमध्ये कुणी सांगत नाही."

"श्वास घे," मुक्ता म्हणाली.

"श्वासाने काय होणार आहे!" मी ओरडलो आणि बर्फ मटारात टाकला.

"पहिल्यापासून नाजूक आहे तो," आईने शलाकाताईंना सांगितलं.

ओशाळून मी 'नको' खोडलं आणि 'मुक्ता म्हणेल तसं' असं लिहिलं. एका प्रतीवर. बाकीच्या दोन तशाच बॅगेत गेल्या, आणि त्यातलीच एक मी बाळंतपणाच्या दिवशी हॉस्पिटलात मोठ्या ऐटीत दिली.

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत चालून झालं, कंबर चोळून झाली. मग मुक्ता म्हणाली, "मला इंजेक्शन हवंय."

सिस्टरांनी फाइल उघडली. "पण तुम्ही 'नको' लिहून दिलंय."

मुक्ताने फक्त माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो.

"छान आहे," सिस्टर म्हणाल्या.

शलाकाताई मुक्ताजवळ वाकल्या. "कागद राहू दे. तुम्ही सांगा."

"हवंय."

डॉक्टरांनी तपासलं, भूलतज्ज्ञ आल्या, आणि थोड्या वेळात मुक्ता चक्क आईशी गप्पा मारायला लागली. संध्याकाळी मुलगी झाली.

मागच्या महिन्यात माझी दाढ काढायची होती. मुलीला कडेवर घेऊन मुक्ता सोबत आली. मी आ वासून खुर्चीत.

"भूल देऊ ना?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नको," मुक्ता म्हणाली. "आमच्याकडे कुणी घेत नाही."

तोंडात आरसा, बोलता येईना. शेवटी मी डॉक्टरांच्या खिशातलं पेन ओढलं आणि समोरच्या कागदावर निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हवी. दोन द्या.'