मंडळीतला साधा माणूस

मी धुळ्याच्या चर्चचा पाळक होतो आणि तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. दर रविवारी तो शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसे. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी त्याला दोनदा मंडळीचा पंच व्हायला सांगितलं. दोन्ही वेळा काळे तेलकट हात जोडून तो म्हणाला, “मी काय पाळक नही, साहेब. मंडळीना साधा मानूस.”

ऊठसूट तो हेच म्हणे. माझ्या खुर्चीवर डोळा नसलेला माणूस हे इतकं घोकून कशाला सांगेल?

एकदा पांझरेला पूर आला आणि मी तीन दिवस पलीकडे अडकलो. परतलो तेव्हा मंडळीतल्या एका म्हातारीला मूठमाती देऊनही झाली होती.

“प्रार्थना कोणी चालवली?” मी त्याला विचारलं.

“बठ्ठासनी मिळीसन करी, नाना,” असं सगळ्यांवर ढकलून तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. ती संपली तरी कोणी ‘आमेन’ म्हणेना. सगळ्यांचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथून त्याचं हलकंसं ‘आमेन’ आलं. मग मंडळीने म्हटलं, आणि सगळ्यांच्या शेवटी मी.