हजेरीची गोळी

आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात माझ्या साडूभाऊंइतकी वर्षं जेलमध्ये कुणी काढलेली नाहीत, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूसही आमच्या नात्यात दुसरा नाही. दुसऱ्याच्या वावरातला हरभरासुद्धा त्यांनी कधी विचारल्यावाचून उपटला नसेल. तरी सव्वीस वर्षं ते रोज सकाळी त्या मोठ्या फाटकातल्या छोट्या दारातून वाकून आत जातात आणि संध्याकाळी वाकूनच बाहेर येतात, कारण तिथल्या दवाखान्यात ते कंपाउंडर आहेत. माझ्या लग्नात सासऱ्यांनी ओळख करून देताना 'हे आमचे थोरले जावई, जेलमध्ये असतात' एवढं सांगितलं आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ते निघून गेले. माझ्या वडिलांचा चेहरा जो उतरला तो विहिणींची पंगत उठेपर्यंत जागेवर आला नाही.

लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, साडूभाऊ खोकल्यावरून ओळखतात. तंबाखूचा खोकला, सर्दीचा खोकला, सुनेला आपण आल्याची वर्दी देणारा सासऱ्याचा खोकला, हे सगळे त्यांना पाठ आहेत आणि त्यांच्याशी त्यांचं काही भांडण नाही. पण दोन आठवड्यांच्या वरचा खोकला कानावर आला की हा माणूस जागचा उठतो. राळेगावला माझ्या पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टकं ऐन रंगात असताना नवरदेवाचे मामा खोकलले. साडूभाऊ हातातल्या अक्षतांसकट त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि किती दिवसांपासून आहे, रात्री घाम येतो का, वजन उतरलं का, याची चौकशी करू लागले. जेवणाआधी त्यांनी पिशवीतून थुंकी तपासायला न्यायची झाकणाची डबी काढून मामांच्या हातात ठेवली. मामांना वाटलं, मुलीकडून आहेर आला. त्यांनी ती नमस्कार करून घेतली आणि बायकोकडे सांभाळायला दिली. पुढे तपासणीत मामांना काहीही निघालं नाही, पण त्या घराशी आमचं बोलणं मात्र अजून सुरळीत झालेलं नाही.

त्यांना वाकून नमस्कार करायचीही सोय नाही. ते आशीर्वाद देता देता आपले हात हातात घेतात आणि बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे का ते पाहतात. थंडीच्या दिवसांत भरलेल्या एसटीत शिरले की आधी खिडक्या उघडतात; लोक बंद करतात, हे उघडतात, आणि घाटंजी येईपर्यंत हा खेळ चालतो. घरातली पांघरुणं आठवड्यातून दोनदा उन्हात टाकतात. मेव्हणी म्हणते, यायचं लक्ष घरात कमी अन् बराकीत जास्त. ते खरंच आहे. बराकीत माणसं अंगाला अंग लावून झोपतात, तिथे एकाचा खोकला दुर्लक्षित राहिला तर तो एकट्याचा राहत नाही, हे त्यांच्या डोक्यातून एक दिवसही जात नाही. नवा माणूस आत आला की त्याचं वजन, खोकला, कातडी पाहिल्याशिवाय ते त्याला इतरांत मिसळू देत नाहीत, आणि साबणासाठी जेलरसाहेबांशी असे भांडतात की कैद्यांनाही मध्ये पडावंसं वाटावं. कुणी कोणता गुन्हा केला हे मात्र ते कधी विचारत नाहीत. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "गुरुजी, कोणत्या कलमात आला हे कोर्ट विचारते. कधीपासून खोकलून राह्यला हे विचारायले कोणीच नाही, म्हणून मी हावो."

क्षयाच्या गोळ्या देण्याची त्यांची पद्धत त्यांनी स्वतः बसवलेली आहे. सकाळी सातला ते दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून एकेकाचं नाव बापाच्या नावासकट पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणायचं, समोर गोळ्या गिळायच्या, आणि मग आ करून जीभ वर उचलून दाखवायची. हे सहा महिने, रविवार नाही, दिवाळी नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या या हजेरीतला एक माणूस कमी झाला. शेताच्या बांधाच्या, म्हणजे धुऱ्याच्या, भांडणात आत आलेला, घाटंजीकडचा गजानन नावाचा जवान माणूस. चार महिने गोळ्या खाऊन खोकला थांबला होता, दोन महिन्यांच्या राहिल्या होत्या, आणि शनिवारी संध्याकाळी त्याची जमानत झाली. सुटकेच्या आनंदात गोळ्या कुणाला आठवतात! साडूभाऊंनी त्याचे कागद गावाजवळच्या दवाखान्यात पाठवले, पण तो तिकडे फिरकलाच नाही. रोग कुठे सापडला असं कुणी विचारलं तर गावात काय सांगायचं, ही त्याला लाज. फोनही बंद. आठ दिवस साडूभाऊंना जेवण गोड लागलं नाही. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, आणि उलटलेला रोग मग त्याच गोळ्यांना जुमानत नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. "त्याच्या घरी भावाचं सालभराचं पोट्टं हाये," ते म्हणाले. "जेलची भिंत माणसाले अडवते गुरुजी, जंतूले नाही." रविवारी आम्ही दोघं त्यांच्या मोपेडवरून निघालो.

आता एवढ्या शहाण्या माणसाला हे सुचायला नको का, की खाकी पँट घालून कुणाच्या दारात जाऊ नये! आम्ही गावात शिरलो तसे लोक ओट्यावरून उठून घरात गेले. गजाननच्या मायनं आम्हाला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. पोरगा कामाले तेलंगणात गेला, कधी येईन मालूम नाही, असं ती आमच्याकडे न पाहता सांगत होती. साडूभाऊंनी आपण कोण हे सांगून पाहिलं, पण जेलमधून आलो म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतं? चहाचंसुद्धा कुणी विचारलं नाही. आम्ही परत फिरलो. मोपेडला किक मारायच्या आधी साडूभाऊ थांबले. अंगणाच्या मधोमध उभे राहून सकाळच्या त्या ठरलेल्या आवाजात त्यांनी पुकारलं, "गजानन वल्द मारोती!"

आणि घरामागच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआडून उत्तर आलं, "हजर!"

चार महिन्यांची सवय, जिभेनं मालकाला विचारलंच नाही. पाठोपाठ केसांत काड्या अडकलेला तो लांबलचक माणूस बाहेर आला, मान खाली घालून उभा राहिला आणि साडूभाऊंनी खिशातून गोळ्या काढल्याबरोबर हात पुढे केला. गोळ्या गिळून झाल्यावर त्यानं सगळ्या गावासमोर आ करून जीभ वर उचलून दाखवली. माय पदर तोंडाला लावून हसली का रडली, मला कळलं नाही. मग मात्र चहा झाला, भावाच्या पोराचं वजन झालं, अंगणातल्या सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्या पाहून झाल्या. असं ठरलं की गावाजवळच्या दवाखान्यात जायचं नसेल तर बाजाराच्या दिवशी घाटंजीच्या दवाखान्यातून आठवड्याच्या गोळ्या घ्यायच्या, आणि रोज सकाळी सहाला, जेलमधल्या हजेरीच्या आधी, फोन उचलायचा. पुढचे दोन महिने साडूभाऊंच्या ओसरीवर मी तो फोन कितीदा ऐकला. इकडून बापासकट नाव, तिकडून 'हजर', मग पाण्याचा घोट. शेवटच्या दिवशी फोन ठेवल्यावर ते बराच वेळ ओसरीवरच बसून होते. नंतरच्या तपासणीत थुंकी साफ निघाली, तेव्हा त्यांनी आम्हाला जिलेबी खाऊ घातली.

या हिवाळ्यात आम्ही घाटंजीच्या बाजारात वांगी घेत होतो. दोन दुकानं पलीकडे गजानन उभा. अंगानं भरलेला, नवा सदरा, सोबत नवीनच लग्न झालेली बायको. त्यानं आम्हाला पाहिलं. अगदी सरळ पाहिलं, आणि मग मान वळवून बायकोला घेऊन मिरच्यांच्या ओळीत शिरला. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर साडूभाऊंनी माझा हात दाबला.

"राहू द्या गुरुजी. कुठची ओळख म्हणून सांगन तो तिले?"

परतीच्या एसटीत ते खुशीत होते. गजाननचे गाल कसे भरलेत, वजन सहा किलो तरी वाढलं असेल, चालण्यात कसा दम आहे, हेच चाललं होतं. राळेगावचा फाटा मागे गेला. मग वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जरासा हसला असता तं बरं वाटलं असतं."

 लगेच त्यांनीच विषय बदलला आणि वांग्यांची भाजी मेव्हणी कशी करते ते सांगू लागले.